टेपर शाफ्ट व हब जोडणी : पेटंट परीक्षा

शाफ्टचे टोक निमुळते (टेपर), हबचे (शाफ्टवर बसणाऱ्या चाकाच्या किंवा पुलीच्या मधल्या भागाचे) छिद्रही त्याच कोनात निमुळते आणि दोन्ही एकमेकांत ओढून घट्ट बसवणारा नट किंवा बोल्ट, अशा जोडणीवर पेटंट (एकस्व) मागणारा अर्ज आला की तिच्यात खरोखर नवे काय आहे, हे तपासण्याची कायदेशीर प्रक्रिया. भारतात ही परीक्षा पेटंट अधिनियम, १९७० नुसार होते. हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू आहे. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांसाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे. ते अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे.

दिसायला हा विषय अगदी साधा आहे. चार-पाच भाग असतात, वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. पण साधेपणामुळेच परीक्षा कठीण होते. टेपरची जोडणी शंभराहून अधिक वर्षे कारखान्यांत वापरात आहे, तिची चित्रे हजारो जुन्या पेटंटांत सापडतात, आणि त्या गर्दीत आपला फरक नेमका कुठे आहे हे अर्जदाराला शब्दांत पकडावे लागते. तो फरक बहुधा आकारात नसतो. बल कोणत्या वाटेने जाते आणि जोडणी सुटते कशी, यात असतो.

यासाठी आधी जोडणीचे काम समजून घ्यावे लागते. १:१० टेपर म्हणजे १० मिमी लांबीला व्यासात १ मिमी फरक. त्याचा अर्धकोन (उताराचा मध्यअक्षाशी होणारा कोन) सुमारे २.८६ अंश येतो. सरासरी व्यास ४० मिमी, घर्षणांक ०.१२ आणि नटाने लावलेले अक्षीय बल २० किलोन्यूटन धरले, तर पृष्ठभागांवरचा एकूण लंब दाब सुमारे ११८ किलोन्यूटन होतो. म्हणजे ओढले त्याच्या जवळजवळ सहापट दाबले जाते. एवढ्या दाबावर ही जोडणी चावीशिवाय (शाफ्ट व हबमधल्या खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्याशिवाय) सुमारे २८० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) वाहून नेऊ शकते. तेच बल मिलिंग मशीनच्या ७:२४ टेपरवर लावले, तर आकडा १८० च्या आसपास उतरतो. कोन लहान तर पकड जास्त. मात्र सोडवतानाचा त्रासही त्याच कोनातून येतो. घर्षणांक ०.१२ असेल तर ६.८ अंशांहून कमी अर्धकोनाचा टेपर नट काढल्यावरही जागचा हलत नाही. स्टीफन मोर्स यांच्या नावाने १८६० च्या दशकापासून ओळखला जाणारा मोर्स टेपर (सुमारे १:२०) असाच स्वतःहून धरून राहतो. ७:२४ चा अर्धकोन ८.३ अंश असल्यामुळे तो सहज सुटतो, आणि म्हणून मिलिंगमध्ये तो ड्रॉबारने (मागून ओढणाऱ्या दांड्याने) खेचूनच धरावा लागतो.

दुसरी अडचण जागेची. १:१० टेपरवर व्यासात ०.०५ मिमी इतकी चूक झाली तरी हब अर्धा मिमी पुढे-मागे बसतो. टेपर टेकेल तेव्हा हबचा चेहरा (सपाट बाजू) शाफ्टच्या खांद्याला (जाड भागाच्या पायरीला) टेकत नाही. चेहरा टेकवला तर टेपर सैल राहतो. दोन्ही एकाच वेळी टेकवणे हा जुना प्रश्न आहे. जर्मनीत विकसित झालेल्या एचएसके टूलधारकात पोकळ १:१० टेपर किंचित प्रसरण पावतो व चेहराही टेकतो. त्यामुळे ‘टेपर आणि चेहरा दोन्ही टेकतात’ एवढाच दावा (संरक्षण नेमके कशावर हवे ते सांगणारे अर्जातले कलम) आज कोणी केला, तर तो नवा ठरणार नाही.

वर्कशॉपमध्ये ही जोडणी हाताने तपासतात. शाफ्टच्या टेपरवर निळा मार्किंग रंग पातळ फासायचा, हब हलकेच चढवून थोडा फिरवायचा आणि उतरवून आत पाहायचे. निळा डाग सगळीकडे सारखा उतरला तर बैठक चांगली. फक्त रुंद तोंडाशी पट्टा उमटला तर दोन्ही कोन जुळत नाहीत. जुन्या हबच्या छिद्रात लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर समजावे की टेपर सूक्ष्म हालत होता आणि पोलाद घासून गंजत होते. अशा जोडणीत पिळाचा भार चावीवर येतो व कधीतरी चावी कापली जाते. ही भुकटी, हा पट्टा, ही कापलेली चावी अर्जदाराने तपशीलपत्रात (अर्जासोबतच्या शोधाच्या वर्णनात) लिहून ठेवावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. समस्या जितकी नेमकी मांडली, तितका परीक्षेत उपाय भक्कम उभा राहतो.

अर्ज दाखल झाला म्हणजे परीक्षा आपोआप होत नाही; त्यासाठी फॉर्म १८ भरून वेगळी विनंती करावी लागते. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर ही मुदत अग्रक्रमाच्या तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने आहे. आधी ती ४८ महिने होती. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षक कलम १३ नुसार आधीची प्रकाशने व दावे शोधतो आणि आक्षेप पहिल्या परीक्षण अहवालात मांडले जातात. पेटंटच्या क्षेत्रातली माणसे त्याला एफईआर म्हणतात. उत्तरासाठी सहा महिने मिळतात, विनंतीवरून आणखी तीन.

शोध प्रामुख्याने वर्गीकरणातून चालतो. शाफ्टवर किंवा त्याच्या टोकावर भाग बसवण्याच्या जोडण्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एफ १६ डी १/०६ खाली येतात. शंक्वाकार पृष्ठभागांनी आवळणाऱ्या रचना १/०९ च्या आसपास. यंत्रभागांच्या शोधात शब्दांइतकीच चित्रे बोलतात. ‘हब’ला कोणी ‘बॉस’ म्हटलेले असते, कोणी ‘स्लीव्ह’, आणि शब्दाने न सापडलेले दस्तऐवज छेदचित्रावर नजर टाकताच सापडतात. पुलीत वापरला जाणारा चिरलेला टेपर लॉक बुश, बेअरिंगची १:१२ ची अडॅप्टर स्लीव्ह, जहाजाच्या पंख्याचा टेपर, तेलाच्या दाबाने हब फुगवून सोडवण्याची एसकेएफ या बेअरिंग कंपनीची पद्धत (ही १९४० च्या दशकातली) हे सगळे परीक्षकाच्या टेबलावर येऊ शकते.

एक कल्पित अर्ज घेऊन पाहू. अर्जदाराने असा नट केला आहे की घट्ट करताना तो हब टेपरवर चढवतो आणि उलटा फिरवला की हबमध्ये अडकवलेल्या कड्यावर रेटा देऊन हब बाहेर ढकलतो. पुलर (हब ओढून काढण्याचे साधन) लागत नाही. नावीन्यासाठी परीक्षकाला एकाच दस्तऐवजात ही सर्व अंगे एकत्र दाखवावी लागतात. पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या हबमध्ये ती सापडणार नाहीत कदाचित, पण सायकलच्या क्रँकमध्ये (पेडलच्या दांड्यात) सापडतील. तिथे चौकोनी टेपरवर (प्रत्येक बाजू २ अंश) बसलेला क्रँक स्वतःच बाहेर ढकलणारा बोल्ट फार पूर्वीपासून आहे. मग प्रश्न शोधकतेचा (त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते का, याचा) होतो : पंपाचा अभियंता हब निघत नाही म्हणून सायकलकडे बघेल का? माझ्या मते नक्की बघेल, कारण समस्या तीच आणि टेपरही स्वतः धरणाराच. अर्ज टिकवायचा तर अर्जदाराने पुढे जायला हवे. पंपात आडवा भार आणि कंपन असते, सायकलचे कडे तिथे सैल होते, आणि आपल्या कड्याची बैठक ते सैल होऊ देत नाही, हे दाखवता आले तर विषय बदलतो. ते दाव्यात लिहिलेले असावे लागते. नुसते युक्तिवादात सांगून चालत नाही, आणि मूळ तपशीलपत्रात ज्याचा मागमूस नाही असे काही दुरुस्तीने नंतर घुसवताही येत नाही.

आकड्यांचेही तसेच. ‘अर्धकोन २ ते ४ अंश’ असे दाव्यात लिहिले आणि त्या पट्ट्यातच वेगळे काय घडते ते सांगितले नाही, तर तो नेहमीच्या निवडीचा भाग मानला जातो. ‘साधारण निमुळता’ यासारख्या शब्दांवर स्पष्टतेचा आक्षेप येतो. कलम ३(एफ) नुसार आपापले ठरलेले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी शोध ठरत नाही. म्हणून टेपर, कडे आणि नट एकमेकांवर कसे अवलंबून आहेत हे सांगणे निर्णायक ठरते.

शोधकतेच्या बाबतीत भारतातला मूळ निवाडा योगायोगाने धरून ठेवण्याच्या साधनाचाच आहे. मिर्झापूरच्या हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीजला लेथवर भांडी धरण्याच्या साधनाचे १९५१ पासूनचे पेटंट मिळाले होते. पूर्वी थाळ्या हेडस्टॉकला (लेथच्या फिरणाऱ्या टोकाला) गरम चिकट पदार्थाने चिकटवत, आणि त्या उडून जाण्याचा धोका असे. पेटंटधारकाने टेलस्टॉकच्या (लेथच्या समोरच्या टोकाच्या) बाजूने दाब देऊन भांडे धरले. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये हे पेटंट रद्द करणारा एकल न्यायाधीशांचा निर्णय पुन्हा लागू केला. टेलस्टॉकचा दाब जुनाच असून हा बदल कसबी कारागिराच्या नेहमीच्या आवाक्यातील वर्कशॉप सुधारणा आहे, असे न्यायालय म्हणाले. टेपर जोडणीच्या अर्जाला उत्तर लिहिताना हा निवाडा समोर ठेवावा. कलम १३(४) तर स्पष्टच सांगते की परीक्षा झाली म्हणून पेटंटच्या वैधतेची हमी मिळत नाही.

इथे एक गोष्ट मनाला लागते. तपशीलपत्र हिंदी किंवा इंग्रजीतच द्यावे लागते. कोल्हापूरच्या शिरोलीतला किंवा पिंपरीतला कारागीर टेपर घासून बसवण्याचे जे बारकावे मराठीत सांगतो, ते भाषांतरात सपाट होतात. ‘रंग रुंद तोंडाला धरतो’ हे वाक्य ‘असमान संपर्क’ होऊन जाते आणि त्यातली नेमकी जागा हरवते. म्हणून मसुदा करणाऱ्याने कारागिराला लेथजवळच भेटून लिहून घ्यावे.

वर्कशॉपमधल्या सरावाला कायद्यात आणखी एक जागा आहे. परीक्षकाचा शोध कागदपत्रांचा असतो. भारतात आधीपासून उघड वापरात असलेली पण कुठे छापली न गेलेली जोडणी त्याला सापडेलच असे नाही. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही, आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्ती, कलम २५ खाली विरोध नोंदवू शकते. त्यासाठी तारीख असलेले बिल, सही केलेले ड्रॉइंग, विकलेल्या हबचे चलन असे पुरावे लागतात. हेच पुरावे अर्जदाराच्या स्वतःच्या विरोधातही जाऊ शकतात : अर्ज दाखल होण्याआधी त्यानेच ती जोडणी गिऱ्हाइकाला उघडपणे विकलेली असेल, तर नावीन्य त्याच्याच चलनाने संपते. नियंत्रकाने (पेटंट कार्यालयातील निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) अर्ज नाकारला, तर अपील २०२१ पासून थेट उच्च न्यायालयात करायचे असते.