नैराश्याचे ते एक जनुक कुठे गेले?

न्यूझीलंडमधील डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांची तिसऱ्या वर्षापासून वेळोवेळी तपासणी करण्याचे काम तिथल्या संशोधकांनी हाती घेतले आणि ती मुले प्रौढ झाल्यावरही ते थांबवले नाही. त्यांपैकी ८४७ जणांविषयीचा एक निष्कर्ष अवशालोम कास्पी, टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. सेरोटोनिन हे रसायन मज्जापेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते. या जनुकाचे काम कमीजास्त करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली, आणि त्यांतली प्रत्येक आखूड किंवा लांब असू शकते. वयाच्या एकविसाव्या ते सव्विसाव्या वर्षांदरम्यान ज्यांनी नोकरी जाणे, नाते तुटणे, आजारपण असे चार किंवा अधिक आघात सोसले होते, त्यांच्यातील निदान एक आखूड प्रत असलेल्यांपैकी ३३ टक्के जणांना नैराश्याने गाठले. दोन्ही प्रती लांब असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते.

निष्कर्ष मनाला चटकन पटणारा होता. नैराश्यावरची अनेक औषधे नेमकी याच प्रथिनाला अडवतात, आणि काही माणसे एका धक्क्याने कोलमडतात तर काही चार धक्के पचवतात, हे आपण घरोघरी पाहतोच. त्यामुळे पुढची अनेक वर्षे या एका जनुकाभोवती शोधनिबंधांची रास पडत गेली. पण २००९ मध्ये नील रिश आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यासांतील १४,२५० जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा आघात आणि नैराश्य यांचा संबंध ठळकपणे दिसला, जनुकाचा वाटा मात्र दिसला नाही. २०१९ मध्ये तर नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशा १८ प्रसिद्ध जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर परीक्षा झाली आणि ती जनुके चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कोणत्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. इतक्या वर्षांची मेहनत चुकीच्या वाटेवर गेली याची हळहळ वाटते. पण ती चूक याच क्षेत्रातल्या लोकांनी स्वतः शोधून जाहीर केली, याचे मोल मला अधिक वाटते.

मग आनुवंशिकतेचा वाटा आहे तरी किती? एकबीज जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखा असतो, द्विबीज जुळ्यांत इतर सख्ख्या भावंडांइतकेच साम्य असते. या दोन प्रकारच्या जुळ्यांची तुलना करून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे ३७ टक्के आणि स्वभावगुणांची साधारणपणे ४० ते ५० टक्के काढली गेली आहे. हा आकडा फार सहज चुकीचा वाचला जातो. एखाद्या माणसाच्या दुःखाचा ३७ टक्के भाग जनुकांतून आला, असे तो सांगत नाही. एका विशिष्ट समाजातल्या माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. म्हणूनच तो समाजागणिक बदलू शकतो. उद्या सर्वांना सारखे अन्न, सारखी सुरक्षितता आणि सारखे उपचार मिळाले, तर परिस्थितीमुळे पडणारा फरक आटेल आणि आनुवंशिकतेचा आकडा वाढेल, जनुके मात्र होती तीच राहतील.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगन जवळजवळ त्याच मुक्कामी पोहोचले होते. जुळ्यांच्या अभ्यासात त्यांना असे आढळले, की उत्पन्न, शिक्षण किंवा वैवाहिक स्थिती यांतील कोणतीही एक गोष्ट समाधानातला तीन टक्क्यांहून अधिक फरक उलगडत नाही, तर समाधानाच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या पातळीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. अधिक सुखी होण्याची धडपड उंची वाढवण्याच्या धडपडीइतकीच व्यर्थ असावी, असे त्यांनी लिहिले. पुढे तीनच वर्षांनी लिकन यांनी हे विधान चुकीचे असल्याचे सांगून मागे घेतले, पण ते विधान आजही उद्धृत होत राहते.

आज चित्र निराळे आहे. ठरावीक जनुकावर बोट ठेवण्याऐवजी संशोधक संपूर्ण जनुकसंचातील लाखो ठिकाणे एकाच वेळी तपासतात. २०१६ मध्ये सुमारे ३ लाख लोकांची माहिती तपासली, तेव्हा समाधानाशी निगडित अशी अवघी तीन ठिकाणे हाती लागली. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २९ देशांतील ६,८८,८०८ नैराश्यग्रस्तांची माहिती होती आणि त्यात नैराश्याशी निगडित असे डीएनएतील जवळपास ७०० बदल सापडले. यातला प्रत्येक बदल धोक्यात अगदी किंचित भर घालतो. शिवाय त्यांतले बरेच बदल लवकर चिंताक्रांत होण्याच्या स्वभावाशीही जोडलेले आहेत.

लग्नाचे स्थळ पाहताना घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का, याची दबक्या आवाजात चौकशी होते आणि अनेक कुटुंबे उत्तर लपवतात. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना तीव्र नैराश्य आलेले असते, त्यांना ते येण्याची शक्यता इतरांच्या दोन ते तीन पट असते, हे खरे आहे. तरीही अशा घरांतल्या बहुसंख्य मुलांना तो आजार होत नाही, हेही तितकेच खरे आहे. कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे रक्त तपासून सांगू शकणारी कोणतीही जनुकीय चाचणी आज उपलब्ध नाही.

त्यातही आपल्यापुरती एक अडचण आहे. या संशोधनातील बहुतेक माणसे युरोपीय वंशाची आहेत आणि त्यांच्या माहितीवरून बांधलेले जोखमीचे अंदाज इतर समाजांना नीट लागू पडत नाहीत. २०२५ च्या अभ्यासात चारातला एक रुग्ण युरोपीय वंशाबाहेरचा होता, आणि सुमारे १०० नवे बदल केवळ त्यामुळेच सापडले. भारताच्या ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच उलगडून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली केली, हा चांगला आरंभ आहे. नैराश्याचा शोध घ्यायचा तर मात्र असे जनुकसंच लाखोंच्या संख्येने लागतील, आणि त्या प्रत्येकासोबत त्या माणसाच्या मनःस्थितीची काळजीपूर्वक घेतलेली नोंदही लागेल.