उतारवयातील हाडांसाठी घरगुती व्यायाम

पन्नाशीनंतर हाडांची झीज मंदावावी, स्नायूंना बळ यावे आणि पडण्याचा धोका घटावा यासाठी घरच्या घरी करायचा व्यायाम. भिंत, भक्कम खुर्ची, एक पायरी आणि थोडे घरगुती वजन एवढ्या साधनांवर तो होतो. ताकदीचे, हाडाला हलका दणका देणारे, पाठीचे आणि तोलाचे असे व्यायाम त्यात येतात. मराठवाड्यातील बऱ्याच वृद्धांनी उभी हयात रानात काढलेली असते, त्यामुळे ‘एवढं राबलेल्या माणसाला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण हाडाच्या अंगाने पाहिले तर त्याचे उत्तर कामाच्या बाजूने लागत नाही.

हाड आणि भार

हाड आतून सतत मोडत आणि घडत असते. काही पेशी जुने हाड पोखरतात, काही त्या जागी नवे भरतात. एका जागेचे पोखरणे-भरणे पुरे व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. वयाच्या तिशीपर्यंत हाडांची पुंजी वाढते, पुढे पोखरण्याची बाजू वरचढ होऊ लागते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर हाडांना जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि झीज एकदम वेग घेते. त्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्साही जाऊ शकतो.

हाड भार पाहून स्वतःची बांधणी बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनातून भार कसा हवा तेही उलगडले. तो सवयीपेक्षा जास्त हवा, चटकन यायला हवा आणि वेगवेगळ्या दिशांनी यायला हवा. तोच तो भार शेकडो वेळा दिला तर काही आवर्तनांनंतर हाडातील पेशी त्याची दखल घेणे थांबवतात. म्हणून दिवसभर संथ काम करण्यापेक्षा थोडा वेळ, पण नेमका भार हाडाला अधिक उपयोगी पडतो.

खुरपणी, वेचणी, धुणी-भांडी ही कामे याच कसोटीवर मागे पडतात. त्यांचा भार हाडाला वर्षानुवर्षे ओळखीचा झालेला असतो. शिवाय खुरपताना आणि वेचताना पाठीला बाक येतो, त्याचा दाब मणक्यांच्या पुढच्या कडेवर पडतो, आणि विरळ झालेले मणके नेमके तिथेच दबतात. उकिडवे बसण्या-उठण्याने मांड्या मजबूत राहतात, हा या कामांचा खरा लाभ. मात्र साठी-पासष्टीनंतर शेत मुलगा-सुनेकडे जाते आणि माणूस ढाळजेत बसतो. वर्षभरात पायांची ताकद उतरते. आयुष्यभराच्या कष्टाची पुंजी बसल्या जागी टिकत नाही.

सकाळ-संध्याकाळच्या फेरीचेही तसेच आहे. साखर, रक्तदाब, हृदय आणि झोप यांसाठी चालणे उत्तम. पण नुसत्या संथ चालण्याने कण्याची घनता वाढत नाही आणि खुब्यावर होणारा परिणाम किरकोळ असतो. फेरी बंद करू नये, तिच्या जोडीला पुढील व्यायाम घ्यावेत.

मराठवाड्यातील दोन विशेष बाबी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार असल्याचे पुढे आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले असतील, तर त्या दिवसापासून इस्ट्रोजेन जवळजवळ बंद होते. पस्तिसाव्या वर्षी अशी शस्त्रक्रिया झालेल्या बाईची हाडे पन्नाशीतच सत्तरीच्या वळणावर जाऊ शकतात. तिने वयाचा हिशेब न धरता शस्त्रक्रियेच्या वर्षापासून हिशेब धरावा, व्यायाम लवकर सुरू करावा आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेचे जुने कागद दाखवावेत.

दुसरी बाब बोअरच्या पाण्याची. नांदेडमधील किनवटसारख्या भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की हाडे तपासणीत दाट दिसतात, पण कठीण आणि ठिसूळ असतात. मान, कंबर, गुडघे आखडतात. अशा माणसाने दणक्याचे व्यायाम टाळावेत, आखडलेला सांधा जोराने ताणू नये आणि आधी पाणी तपासून घ्यावे.

जागा आणि साधने

शहाबादी फरशी ओली असली की निसरडी होते, म्हणून न्हाणी आणि मोरीजवळची जागा नको. सतरंजी किंवा वाकळ उभ्याच्या व्यायामात पायाखाली घेऊ नये, ती सरकते. ती फक्त झोपून करायच्या व्यायामांसाठी. स्लीपर काढून अनवाणी उभे राहावे. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घालावा आणि व्यायामानंतर तळवे पाहावेत. लुगड्याचा किंवा साडीचा घोळ घोट्याच्या वर खोचावा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापण्याआधी, सकाळी आठच्या आत आटोपणे बरे.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर. प्लॅस्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते, तिचे पाय फाकतात; ती वापरायचीच असेल तर पाठ भिंतीला टेकवून ठेवावी. बाज या कामी अजिबात नको. ती खोल जाते आणि उठताना पाठ गोल होते.

ताकदीचे व्यायाम

हे आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. पहिले पाच मिनिटे घरातल्या घरात चालून अंग मोकळे करावे.

खुर्चीवरून उठबस हा सर्वांत मोलाचा प्रकार. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, छाती पुढे नेऊन हातांचा आधार न घेता उठावे. बसताना तीन आकडे मोजत सावकाश टेकावे. धप्पकन बसलो तर निम्मा व्यायाम वाया जातो आणि कण्याला धक्का बसतो. आठ ते बारा वेळा, मग मिनिटभर विसावा, असे दोन किंवा तीन फेरे. सुरुवातीला उठताच आले नाही तर बैठकीवर घट्ट घडीची गोधडी ठेवून उंची वाढवावी आणि दर पंधरवड्याला एक घडी कमी करावी. बारा वेळा सहज झाले की कापडी पिशवीत किलोभर ज्वारी घालून ती छातीशी धरून उठावे; पुढे दोन किलो, तीन किलो.

एक पायरी, १५ ते २० सेंटिमीटर उंचीची, शेजारी भिंत किंवा कठडा असलेली. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली; दहा वेळा, मग डाव्याने सुरुवात. पूर्ण पाऊल पायरीवर पडावे. पंजा पायरीवर आणि टाच हवेत राहिली की तोल जातो, गुडघाही दुखतो. उंच उंबरठ्याचा पायरीसारखा वापर करू नये, त्यावर पाऊल मावत नाही.

खुर्चीची पाठ धरून एक पाय बाजूला उचलण्याने खुब्याभोवतीचे स्नायू सुधारतात. खुबा बहुधा बाजूला पडल्याने मोडतो, म्हणून याचे महत्त्व. अंग दुसऱ्या बाजूला न कलवता पाय वीतभरच उचलावा. दहा वेळा जमू लागले की घोट्याभोवती अर्धा किलो वाळूची शिवलेली पट्टी बांधावी.

हात-मनगटासाठी भिंतीवरचे दंड. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे खांद्यांच्या उंचीवर टेकावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी, दाब देत परत यावे. सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी स्वयंपाकाचा ओटा घ्यावा. मनगट पूर्वी मोडलेले असेल तर मुठी टेकाव्यात.

दणका

टाचा आपटणे : ओटा किंवा खिडकीचे गज धरून चवड्यांवर उंच व्हावे आणि अंग सैल सोडून टाचांवर उतरावे, म्हणजे हादरा खुब्यापर्यंत पोचतो. गुडघे किंचित सैल, दात न आवळलेले. पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा, मग हळूहळू पन्नासपर्यंत. पंचवीस सकाळी, पंचवीस संध्याकाळी. मधल्या खंडात हाडातील पेशी पुन्हा दखल घेण्याजोग्या होतात. ब्रिटनमधील तज्ज्ञांची शिफारसही बहुतेक दिवस सुमारे पन्नास मध्यम दणके अशीच आहे. जागच्या जागी पाय आपटणे हा सौम्य पर्याय. पंचमीच्या झिम्म्यातील उड्या याच जातीच्या; फुगडी मात्र गरगर फिरण्यामुळे या वयात धोक्याची.

मणका पूर्वी दबलेला असेल, गुडघ्यांची झीज फार असेल किंवा लघवीवर ताबा कमी असेल तर दणका न देता भरभर चालणे आणि पायरी यांवर भागवावे.

पाठ

पालथे झोपावे, पोटाखाली पातळ उशी, हात अंगालगत, नजर जमिनीकडे. छाती चार बोटे उचलून पाच आकडे मोजावेत, खाली यावे. आठ ते दहा वेळा. मान मागे टाकू नये. पालथे होणे जमत नसेल तर भिंतीला पाठ टेकून बसावे आणि खांद्यांच्या फऱ्या एकमेकींकडे ओढून पाच आकडे धराव्यात.

पाठीचा व्यायाम कोणत्या दिशेने करायचा, यावर सगळे अवलंबून असते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ होण्याचा विकार, असलेल्या ज्या स्त्रिया पुढे वाकण्याचे व्यायाम करत होत्या त्यांच्यात नव्याने मणके दबण्याचे प्रमाण ८९ टक्के, तर पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के निघाले. गट लहान होते, तरी त्यानंतर सल्ला बदलला. हाडे विरळ असल्याचे निदान झालेल्यांनी पश्चिमोत्तानासन, हलासन, पादहस्तासन आणि पोटासाठी उठण्याचे व्यायाम सोडावेत. सूर्यनमस्कारांतील वाकण्याच्या अवस्थाही गाळाव्यात. वृक्षासन भिंतीजवळ केल्यास चालते.

पाठ गोल न करता खुब्यातून वाकणे शिकावे लागते. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहावे, गुडघे सैल ठेवावेत आणि छाती ताठ ठेवून बैठक मागे नेत भिंतीला टेकवावी. दिवसाला दहा वेळा. हंडा उचलताना हेच वळण कामी येते : एक गुडघा जमिनीवर, हंडा अंगाशी, मग पायांच्या बळावर उठणे. कमरेतून वाकून भरलेला हंडा उचलायचा आणि तसेच वळायचे, ही मणका मोडण्याची सर्वांत ओळखीची रीत आहे.

तोल

पातळ झालेले हाडही माणूस पडला नाही तर बहुधा शाबूत राहते, म्हणून तोलाचे व्यायाम रोज. ओट्याजवळ एका पायावर उभे राहावे. प्रथम बोटे टेकवून, मग एक बोट, मग हात वर धरून. दहा सेकंदांपासून तीसपर्यंत. नंतर फरशीच्या सांध्यावरून टाचेला पंजा लावत दहा पावले. सोबत कुणी असावे. न्यूझीलंडमधील ओटागो कार्यक्रमात घोट्याला वजने, तोलाचे व्यायाम आणि चालणे यांच्या जोडीने वृद्धांचे पडणे सुमारे एक तृतीयांशाने घटले.

कुठे बिघडते

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब उसळतो. उठताना श्वास सोडावा. स्नायू दोन दिवस ठणकले तर चालते, सांधा दुसऱ्या दिवशीही सुजलेला राहिला तर वजन निम्मे करावे. याहून अधिक आढळणारी चूक म्हणजे सहा महिने तेवढेच वजन. शेवटच्या दोन वेळांना कष्ट पडले नाहीत तर हाडाला नवे काही मिळाले नाही. दोन महिन्यांत पायांत बळ येते, पण हाडातील फरक मोजण्याइतका व्हायला वर्ष लागते, आणि बहुतेक जण त्याआधीच सोडतात. सोडल्यावर कमाई उतरते.

घरगुती व्यायामाने मुख्यतः झीज रोखली जाते, घनतेत मोठी वाढ होत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कण्याची घनता आठ महिन्यांत सुमारे ३ टक्के वाढली, पण तिथे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली जात. ते घरी करून पाहू नये. डॉक्टरांनी औषध दिले असेल तर व्यायाम त्याची जागा घेत नाही.

आहाराची जोड लागते. भारतीय शिफारशीनुसार पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. १०० ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमच्याही आत असते. भाकरीबरोबर ताक-दही, तिळाची किंवा कारळाची चटणी असली की उणीव बरीच भरते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळ्या विचारून घ्याव्यात.

तपासणी

खुर्चीवरून हात न लावता पाच वेळा उठबस करायला १५ सेकंदांहून अधिक लागले तर पायांची ताकद कमी समजावी. दर वर्षी भिंतीला टेकून उंची मोजावी. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर घटली असेल, वजन उचलल्यावर पाठीत अचानक कळ येऊन राहिली असेल, उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक चालू असतील, तर व्यायामाआधी डॉक्टरांकडे जावे. व्यायामात छातीत दुखले किंवा भोवळ आली तर लगेच थांबावे. गावातील शिबिरात टाचेवर यंत्र लावून मिळणारा आकडा केवळ अंदाज असतो. निदान कंबर आणि खुब्याच्या डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीवर होते; टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस मानतात. व्यायामाचा परिणाम पाहायचा असेल तर दुसरी डेक्सा एक ते दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण दोन यंत्रांच्या आकड्यांत व्यायामाने पडणाऱ्या फरकाहून मोठी तफावत येऊ शकते.