चहा टाका, पण साखर घाला

जून उजाडला की घोडबंदर रोडच्या बसथांब्यापासून नौपाड्यातल्या वाण्याच्या दुकानापर्यंत एकच चौकशी कानावर पडते: "मुलीला कुठल्या शाळेत टाकलंत?" टाकलंत! फॉर्मसाठी पहाटे उठून, मुलाखतीत आईबापांनी स्वतः घाम गाळून जिला प्रवेश मिळवून दिला, ती पोर टाकली कशी असेल? मुलांना शाळेत घालतात. वृद्धाश्रमात आईवडिलांना टाकलं असं लोक कुजबुजतात तेव्हा मात्र शब्द नेमका बसतो, कारण बोलणाऱ्याला अगदी तेच म्हणायचं असतं.

इंग्रजीतलं 'पुट' सगळ्यांना येतं. साखर पुट, बूट पुट ऑन, मीटिंग पुट ऑफ. मागे शेपूट जोडायचं की झालं. वाशीत शेजारी तमिळ असतील तर त्यांचं 'पोडु' ऐका: साखरही पोडु, शर्टही पोडु, दारातलं कोलम, म्हणजे रांगोळीसुद्धा पोडु. कन्नडचं 'हाकु' त्याचंच भावंड शोभावं असं. उलट कोरियन भाषा भलतीच काटेकोर. बोटात अंगठी घट्ट बसते तिथे 'क्किदा', खिशात नाणी सुटी पडतात तिथे 'नॉथा'. सुंजा चोई आणि मेलिसा बोअरमन या भाषेच्या अभ्यासकांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं की जेमतेम दीड वर्षाची कोरियन पोरं बोलायला लागतात तीच हा भेद पाळत. आपल्याकडे चाळिशीतली माणसं घालणे आणि टाकणे यांत गडबडतात.

गडबडीचं मूळ इंग्रजीत नाही, हिंदीत आहे. 'चीनी डालो' आणि 'मार डालो' ही दोन्ही कामं हिंदीत 'डालना' एकटं करतं. नको ते भिरकावायला त्यांच्याकडे वेगळं 'फेंकना' आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडे नवं शहर उभं राहिलं, देशभरातून माणसं आली आणि जिन्यात, लिफ्टमध्ये, रिक्षात हिंदी रुळली. त्याबद्दल तक्रार नाही. पण 'डालो'च्या जागी डोळे मिटून 'टाका' ठेवायची सवय लागली आणि 'घालणे' कोपऱ्यात गेलं. "वहिनी, आमटीत अजून मीठ टाकू का?" टाका की, केराच्या डब्यात.

माझी कसोटी सोपी आहे. वस्तू हातातून गेल्यावर ती तुम्हाला हवी आहे का? हवी असेल, जिथे गेली तिथे तिने राहावं, मुरावं, कामी यावं असं वाटत असेल, तर घालणे. झाडाला पाणी घालतात, वरणात गूळ घालतात, देवाला हार घालतात. हात मोकळा करायचा असेल, पुढचं पुढे, तर टाकणे. कागद टाकतात, नोकरीवर असताना काम टाकून जातात, साप कात टाकतो. "या वर्षीचं लोणचं घातलं" म्हटलं की बरणी भरली. "या वर्षीचं लोणचं टाकलं" म्हटलं की बुरशी आली. एका क्रियापदाने अख्खी बरणी इकडची तिकडे होते.

यावर कुणीतरी लगेच 'चुलीत घाल तुझं ते शहाणपण' आणि 'खड्ड्यात घाल' पुढे करणार. कबूल, तिथे प्रेम नाही. पण तिथेही वस्तू कशाच्या तरी पोटात जाते, नुसती हातातून सुटत नाही.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो दुसऱ्या क्रियापदाला चिकटल्यावर. जेवू घालणे, खाऊ घालणे, न्हाऊ घालणे: तिन्हीत समोर कुणीतरी आहे आणि त्याची काळजी आहे. आता हे बघा: सांगून टाक, विकून टाक, देऊन टाक, एकदाचं लिहून टाक. ब्याद गेली, सुटलो. बाळाला 'न्हाऊन टाक' म्हणून बघा, आजी हातातली वाटी खाली ठेवेल.

आता खरी मेख. "चहा टाक जरा" हे अस्सल मराठी आहे आणि ते सुधारायला येणाऱ्या शुद्धतावाद्यांचा मला हिंदाळलेल्यांपेक्षा जास्त राग येतो. इथे चहा कशात मिसळायचा नाहीये, तर करायला घ्यायचा आहे. तसाच "भात टाकला का?" हा प्रश्न. भाकरीही तव्यावर टाकतात, कारण ती हातावरून सुटते; भजी मात्र तेलात सोडतात. म्हणजे पाहुण्यांसाठी चहा टाकायचा, त्यात साखर घालायची, आलं किसून घालायचं, आणि चोथा टाकायचा. एका कपात तिन्ही आले.

मोबाइलवरचं 'ग्रुपवर फोटो टाक' मला चालतं. पत्र पेटीत टाकायचो, तसंच हे: हातातून सुटलं, आता ज्याचं त्याने बघावं. विश्वास टाकणे, जबाबदारी टाकणे यांतही तेच, भार आपल्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. छापा, दरोडा, बहिष्कार यांना दोन्ही चालतात, त्यावर भांडत बसू नये. गाडीत पेट्रोल भरतात. तिथे दोन्हींचं काम नाही.

राहिले कपडे. तिथे उलटी तऱ्हा, 'घालणे'च माजलंय. जपानीत शर्टाला 'किरु', पँट-बुटांना 'हाकु' आणि टोपीला 'काबुरु' अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत हे ऐकून आपले लोक "बापरे, केवढी अवघड भाषा" म्हणतात, आणि स्वतः साडी घालतात, शाल घालतात, गजरासुद्धा घालतात. साडी नेसतात, शाल पांघरतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, चष्मा लावतात. हल्ली पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी शिवलेली नऊवारी मिळते, पँटसारखे पाय सारून वर ओढायची आणि नाडी बांधायची. ती मात्र खुशाल घाला. तिला नेसली म्हणू नका.