मार आईला, परिणाम बाळाच्या नात्यावर

आई-बाळाचं नातं डिलिव्हरीनंतर सुरू होतं असं आपण धरून चालतो, पण पोटात लाथा जाणवायला लागल्या की बाई मनातल्या मनात बाळ रंगवायला लागलेली असते, शांत असेल का मस्तीखोर, नाक कोणाचं घेईल वगैरे. त्याच दिवसांत घरात मारहाण चालू असेल तर?

अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मानसशास्त्रज्ञ लेवेंडोस्की यांच्या टीमनं साधारण २०० गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत हेच विचारलं, की तुमचं बाळ कसं असेल सांगा. पार्टनरचा मार खाणाऱ्यांमध्ये तुटक, अलिप्त नाहीतर भीतीनं गढूळ झालेली उत्तरं जास्त निघाली, आणि पुढं बाळ वर्षाचं झाल्यावर त्याला आईजवळ किती निर्धास्त वाटतं याच्याशी या उत्तरांचा संबंध दिसला. आपल्याकडं 'अगदी बापावर गेलाय, तसाच तापट' असं कौतुकानं म्हणतात ना, पण मार खाल्लेल्या बाईला भुकेनं हातपाय झाडणाऱ्या तान्ह्यात खरंच तोच माणूस दिसू शकतो.

त्यात शरीरही साथ देत नाही. बाळ दूध ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं आणि पान्हा फुटतो, पण आई घाबरलेली असेल तर ॲड्रेनालिन हे ताणाचं हार्मोन मध्ये येतं, म्हणजे दूध आहे पण उतरत नाही, मग बाळ रडतं, रडलं की नवरा अजून भडकतो, आणि सासू म्हणणार हिला दूधच नाही!

'तान्ह्याला काय कळतंय' हेही खोटं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच ओरेगॉनच्या संशोधकांनी ६ ते १२ महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना एमआरआयमध्ये रागीट आवाज ऐकवले, तर ज्यांच्या घरी भांडणं जास्त त्यांच्या मेंदूतले ताणाशी जोडलेले भाग जास्त पेटले. झोपेत, बरं का.

पण म्हणून मार खाणारी प्रत्येक आई बाळापासून तुटते असं अजिबात नाही, काही जणी उलट बाळाला जास्तच जपतात असंही लेवेंडोस्कींना दिसलं, त्यामुळं आईलाच दोष देणं बंद करा आधी.

आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत (एनएफएचएस-५) ३.१ टक्के बायकांनी गरोदरपणात मार खाल्ल्याचं सांगितलं, आणि हे फक्त सांगणाऱ्यांचं. अशा बाईला एकटीला घराबाहेर पडायला कित्येकदा चेकअप हेच एक निमित्त असतं, म्हणून मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण समुपदेशक तिथं हॉस्पिटलमध्येच बसतात, घरी कोणाला वेगळं कारण सांगावं लागत नाही.