फिश न्यूट्रिशनमध्ये सायंटिस्ट व्हायचंय? फॉर्म, पात्रता आणि कागदपत्रं

बीएफएससीच्या, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलेल्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, की माशांच्या खाद्यावर संशोधन करणारा सायंटिस्ट व्हायचं तर नेमका कुठला फॉर्म भरायचा. तर असा एकच फॉर्म नाहीये. वेगवेगळ्या वर्षी भरायचे तीन-चार फॉर्म आहेत आणि खरी गोची अशी की मास्टर्सच्या प्रवेशाला जो विषय घेता तोच शेवटच्या फॉर्मला तुमची पात्रता ठरवतो. ह्या लाइनीत चांगली हुशार पोरं डिग्रीच्या नावावरून, सर्टिफिकेटच्या नमुन्यावरून नाहीतर एखाद्या तारखेवरून बाहेर पडतात, म्हणून इथे अभ्यासाबद्दल कमी आणि कागदांबद्दल जास्त लिहितोय.

आधी काम काय असतं ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना वाटतं दिवसभर लॅबमध्ये बसायचं. मत्स्यशेतीत एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च बहुतेक वेळा खाद्यावर जातो, त्याच्यामुळे कुठल्या माशाला किती प्रोटीन लागतं, फिशमील (सुक्या माशांची भुकटी) महाग झालं तर त्याच्या जागी सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड किती चालेल, वनस्पतीजन्य खाद्यातल्या फायटेट नावाच्या घटकामुळे फॉस्फरस अडकून राहतो त्याचं काय करायचं, असे सगळे प्रश्न ह्या माणसाच्या गळ्यात. प्रत्यक्षात एक फीडिंग ट्रायल साधारण दोन महिने चालते. प्रत्येक खाद्याच्या तीन-तीन टाक्या, ठरलेल्या वेळेला वजन करून खाद्य टाकायचं, उरलेलं खाद्य आणि विष्ठा रोज सायफनने काढायची, ठरावीक दिवसांनी मासे वजनाला घ्यायचे आणि ह्यात रविवार वगैरे काही नसतं. मग लॅबमध्ये केल्डालच्या उपकरणावर नायट्रोजन काढायचा, सॉक्सलेटच्या उपकरणावर फॅट, मफल फर्नेस म्हणजे भट्टीत राख. हे जमणार असेल, आवडणार असेल तरच पुढचं वाचा.

सरकारी संशोधन संस्थेत सायंटिस्ट म्हणजे आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) कृषी संशोधन सेवेत जाणं, तिला सगळे एआरएसच म्हणतात. भरती करतं कृषी वैज्ञानिक भरती मंडळ, म्हणजे एएसआरबी. ह्यात मत्स्यविज्ञानाच्या विषयांमध्ये फिश न्यूट्रिशन हा स्वतंत्र विषय आहे, अॅक्वाकल्चर वेगळा, फिश हेल्थ वेगळा, प्रोसेसिंग वेगळा. आणि ज्यांनी व्हेटर्नरीतून अॅनिमल न्यूट्रिशन केलंय त्यांचा विषय पण वेगळा धरला जातो, नावात न्यूट्रिशन आहे म्हणून इकडे चालेल असं नाही.

आता टप्पे. पहिला बीएफएससी, चार वर्षांचा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे. महाराष्ट्रात रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि नागपूर व उदगीरला माफसूची (महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची) कॉलेजं आहेत. राज्याच्या जागांची प्रवेश प्रक्रिया वेगळी आणि देशपातळीवरच्या आयसीएआर कोट्याच्या जागा सीयूईटी ह्या सामायिक प्रवेश परीक्षेतून भरतात, तेव्हा दोन्हीकडे फॉर्म भरून ठेवा, एकीकडे भरला म्हणजे दुसरीकडे आपोआप जातो असं होत नाही.

दुसरा टप्पा एमएफएससी, म्हणजे मास्टर्स, आणि सगळ्यात जास्त डोकं इथे लावायला लागतं. आयसीएआरची पीजीची प्रवेश परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेतं, १२० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं की १ कट, दोन तास. जनरल, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला पदवीला ६० टक्के किंवा तेवढा ओजीपीए (एकूण ग्रेड सरासरी) लागतो, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५० टक्के. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, म्हणजे सीआयएफई, ह्याच परीक्षेतून प्रवेश देते. १९६१ साली सुरू झालेली आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली ही संस्था ह्या विषयासाठी देशातली पहिली पसंती समजायला हरकत नाही. परीक्षा मत्स्यविज्ञानाची एकत्र होते पण काउन्सेलिंगला विद्यापीठ आणि विषय अशी जोडी भरायची असते. पोरं इथे काय करतात तर मोठ्या नावाची संस्था वर टाकतात आणि विषय मिळेल तो घेतात. न्यूट्रिशनमध्येच करिअर करायचं पक्कं असेल तर माझं मत सरळ आहे, थोडं लहान विद्यापीठ चालेल पण डिग्रीवर विषय न्यूट्रिशनचाच येऊ द्या. कारण एएसआरबीच्या जाहिरातीला जोडलेली एक लांबलचक यादी असते, कुठल्या विषयासाठी कुठल्या स्पेशलायझेशनची डिग्री चालते ह्याची, आणि तुमची डिग्री त्या यादीत बसली नाही तर थिसिस माशाच्या खाद्यावर केला होता हे सांगून काही उपयोग नाही. ती यादी मागच्या जाहिरातीतून डाउनलोड करून काउन्सेलिंगच्या आधी वाचा, नंतर नाही.

तिसरा पीएचडी. त्यासाठी आयसीएआरची वेगळी परीक्षा असते, जेआरएफ-एसआरएफची, ती पण एनटीएच घेतं. अलीकडच्या जाहिरातींत एआरएससाठी संबंधित विषयातली पीएचडीच मागतात, नुसत्या मास्टर्सवर नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) देता येते पण सायंटिस्टचा फॉर्म नाही. वयोमर्यादा २१ ते ३५, ओबीसीला ३ वर्षं आणि एससी-एसटीला ५ वर्षं सूट. नेटला कमीत कमी २१, वरची मर्यादा नाही. हिशोब मांडून बघा, बारावीनंतर चार, मग दोन, मग पीएचडीची तीन-चार वर्षं म्हणजे सव्वीस-सत्तावीस होतात, मध्ये एखादं-दुसरं वर्ष गेलं तरी जमतं, पण पीएचडी रेंगाळली की मग वय पळायला लागतं.

आणि हो, पीएचडी पूर्ण झाली म्हणजे काय हे नीट समजून घ्या. थिसिस सबमिट केला म्हणजे पूर्ण नाही, व्हायवा झाला म्हणजेही कागदोपत्री पूर्ण नाही, विद्यापीठाचं नोटिफिकेशन किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट हातात आलं आणि त्याच्यावरची तारीख जाहिरातीतल्या कटऑफच्या आतली असली की मग पूर्ण. व्हायवा झाल्यावर पोरं पार्टी करून गावाला निघून जातात आणि सर्टिफिकेटचा अर्ज महिनाभर पडून राहतो. तसं करू नका, त्याच आठवड्यात अर्ज टाका आणि अॅकॅडमिक सेक्शनला दोन चकरा मारा. पीएचडी बाहेरच्या देशातून असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, आधीच मागवून ठेवा.

आता कागदपत्रं. दहावीचं सर्टिफिकेट जन्मतारखेसाठी, बारावीचं मार्कशीट, बीएफएससी आणि एमएफएससीची डिग्री, दोन्हीच्या ट्रान्सक्रिप्ट, पीएचडीचं वर सांगितलं ते, फोटो, सही, आधार. ओजीपीएचे टक्के करून मागितले तर आपल्या विद्यापीठाचं कन्व्हर्जन सर्टिफिकेट घ्या, स्वतः दहाने गुणून आकडा टाकू नका. नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. राज्य बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये असतं किंवा नसतं. फॉर्मला दहावीप्रमाणे नाव टाका आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र नाहीतर राजपत्र जवळ ठेवायचं.

जातीच्या दाखल्यावर जरा थांबतो, कारण महाराष्ट्रातली पोरं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. ही केंद्राची भरती आहे. राज्याचं नॉन क्रिमीलेयर सर्टिफिकेट, जे कॉलेज अॅडमिशनला वापरलं, ते इथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असायला लागते. एनटी, व्हीजे, एसबीसी असे प्रवर्ग केंद्रात नाहीत, त्यांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं आणि असेल तर ओबीसीतूनच भरायचं. एसईबीसीचं आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्राच्या फॉर्मला तो कॉलमच नाही, त्यामुळे मराठा समाजातली मुलं निकषात बसत असतील तर केंद्राच्या ईडब्ल्यूएसमधून भरू शकतात. सेतूवर किंवा आपले सरकारवर अर्ज करताना "सेंट्रलचं पाहिजे" हे स्पष्ट सांगा, नाहीतर समोरचा सवयीने राज्याचंच काढून देतो.

उत्पन्नाचा हिशोब दोन्हीकडे वेगळा आहे, आठ लाखांचा आकडा सारखा दिसतो म्हणून फसायला होतं. ओबीसी नॉन क्रिमीलेयरला आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत, नोकरी असेल तर त्यांचं पद कुठल्या दर्जाचं ते बघतात, आणि उत्पन्न सलग तीन वर्षांचं बघितलं जातं. ईडब्ल्यूएसला मात्र मागच्या एका आर्थिक वर्षाचं घरातलं पगार, शेती, धंदा सगळं मिळून धरतात, वर ५ एकर किंवा जास्त शेती, १००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कमी असलं तरी बाद. ईडब्ल्यूएसचा दाखला दर वर्षी नवीन काढायला लागतो, मागच्या वर्षीचा अपलोड करून ठेवला तर तपासणीला अडचण येणार. दिव्यांगांनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, तयार ठेवायचं. आधीच सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसचं ना हरकत प्रमाणपत्र, त्याचा अर्ज फॉर्म भरतानाच टाका, कारण साहेबांची सही कधी मिळेल ह्याचा काही नेम नाही.

परीक्षेचं स्वरूप असं. नेट आणि एआरएसची जाहिरात आता एकत्र निघते, त्यातच एसएमएस (विषय तज्ज्ञ) आणि एसटीओ (वरिष्ठ तांत्रिक अधिकारी) ही पदं पण असतात, फॉर्म भरताना कशाकशासाठी भरताय ते टिक करायचं असतं. प्रीलिम कॉम्प्युटरवर, १५० प्रश्न १५० मार्क, दोन तास, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश कट. नेट पास व्हायला जनरलला ५० टक्के, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ४५, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४०. एआरएससाठी पुढे मेन्स २४० मार्कांची, तीन तास, लिहायची परीक्षा, मग मुलाखत ६० मार्कांची. शेवटची यादी मेन्स आणि मुलाखतीच्या मार्कांवर लागते, प्रीलिम फक्त चाळणी. आणि एखाद्या वर्षी तुमच्या विषयाच्या किती जागा निघतात ते जाहिरातीतच कळतं, मत्स्य विषयांत मोठा आकडा येईल अशी आशा ठेवून बसू नका.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. साधा प्रश्न घ्या, नायट्रोजनला ६.२५ ने का गुणता. कारण प्रोटीनमध्ये सरासरी १६ टक्के नायट्रोजन धरतात, १०० भागिले १६ म्हणजे ६.२५. इथपर्यंत सगळे सांगतात. मग पुढचा प्रश्न येतो, खाद्यात कोणी युरिया मिसळला तर तुमचा आकडा काय दाखवेल. प्रोटीन जास्त दाखवेल, कारण केल्डालला नायट्रोजन कुठून आला हे कळत नाही. ज्याने स्वतः डायजेशन, डिस्टिलेशन, टायट्रेशन केलंय तो हे सहज सांगतो, दुसऱ्याच्या रीडिंगवर थिसिस लिहिलेला तिथे अडखळतो.

पीएचडी चालू नसताना किंवा निकालाची वाट बघताना प्रोजेक्टवर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) किंवा यंग प्रोफेशनल म्हणून काम मिळतं. ह्याच्या जाहिराती संस्थांच्या वेबसाइटवर येतात, वॉक-इन असतात, बायोडेटा, ओरिजिनल आणि एक झेरॉक्स सेट घेऊन जायचं. एसआरएफला वयाची अट बहुतेक ठिकाणी पुरुषांना ३५, महिलांना ४०. अनुभवाचं प्रमाणपत्र सोडताना लगेच मागून घ्या, आणि त्यावर फीड फॉर्म्युलेशन, ट्रायल, अॅनालिसिस असं कामाचं नाव लिहून घ्या, नुसतं "समाधानकारक काम केलं" एवढंच नको.

निवड झाली की पगार लेव्हल १० ला, मूळ वेतन ५७,७०० पासून, वर भत्ते वेगळे. सुरुवातीला हैदराबादच्या नार्म ह्या आयसीएआरच्या प्रशिक्षण संस्थेत तीन महिन्यांचा फाउंडेशन कोर्स असतो, मग एखाद्या संस्थेत अटॅचमेंट ट्रेनिंग. पोस्टिंग देशात कुठेही. गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची संस्था भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगाला, निमखाऱ्या पाण्याची चेन्नईला, सागरी कोचीला, नदी-तलावांची बराकपूरला, थंड पाण्यातल्या माशांची भीमतालला. मुंबईत सीआयएफईलाच राहायला मिळेल हे डोक्यातून काढून टाका. जॉइनिंगला मेडिकल फिटनेस, चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आणि सगळी ओरिजिनल लागतात, त्या वेळी विद्यापीठातून डिग्री आणायची धावपळ नको, दीक्षांत समारंभाला गेला नसाल तर टपालाने मागवण्याचा अर्ज आजच टाकून द्या.