ठाणे-नवी मुंबईतून शाळेचा गट संग्रहालयाच्या कार्यक्रमाला न्यायचा असेल तर: अर्ज, परवानगी आणि कागदपत्रं

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असो की फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे शाळेची मुलं न्यायची तर दोन अर्ज करावे लागतात. एक संग्रहालयाच्या शिक्षण विभागाकडे, दुसरा आपल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पहिलं काम बहुधा ईमेलवर उरकतं. दुसऱ्यात आवक क्रमांक, टिपणी, सही, शिक्का हे सगळं येतं. त्यामुळे संग्रहालयात जागा कधी आहे हे विचारण्याआधी आपल्या कार्यालयातून फाइल सुटायला किती दिवस लागतात याचा अंदाज घ्या. हाताशी महिनाभर असावा, असं माझं मत.

नुसती भेट की कार्यक्रम?

दालनं बघायला तिकीट काढलं की झालं. कार्यशाळा, माहितीसह फेरी, मातीकाम किंवा चित्रकलेचं सत्र याला मात्र आगाऊ नोंदणी लागते, कारण तिथे जागा मोजक्या असतात. दारात तिकीट काढलं म्हणून कार्यशाळेत बसायला मिळत नाही. उलट, कार्यशाळेची नोंदणी झाली म्हणून प्रवेशशुल्क माफ झालं असंही धरून चालू नका. शाळेच्या गटाला सवलत आहे का, सोबतच्या शिक्षकांचं तिकीट लागतं का आणि साहित्याचे पैसे वेगळे का, हे तिन्ही प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये विचारून लेखी उत्तर घ्या. लेखापालांना नंतर तेच लागतं.

तारखेचं म्हणाल तर भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं. ते ज्या राणीच्या बागेच्या आवारात आहे ती बागही बुधवारीच बंद, आणि बागेचं तिकीट वेगळं. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या सुमारास सगळीकडे कार्यक्रमांची रेलचेल असते, पण तेव्हा शाळांना सुट्टी, म्हणजे तो दिवस पालकांनी आपापल्या मुलांना घेऊन जाण्याचा. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन परीक्षांच्या धामधुमीत निघून जातो. शाळेच्या दृष्टीने सोयीचा आहे तो १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह. दिवाळीची सुट्टी संपलेली असते आणि ऊनही उतरलेलं असतं. अर्थात हे बाकीच्या शाळांनाही ठाऊक आहे, तेव्हा अर्ज दिवाळीआधी गेलेला बरा.

संग्रहालयाला पत्र कसं लिहावं

शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने. ‘आमच्या विद्यार्थ्यांना भेटीची परवानगी मिळावी’ एवढ्यावर भागवू नका. मधला परिच्छेद असा असला तर समोरच्याला काम करता येतं:

‘इयत्ता ६ वी, विद्यार्थी ४०, सोबत शिक्षक ४ (पैकी शिक्षिका २). माध्यम मराठी. एक विद्यार्थी व्हीलचेअर वापरतो. अभ्यासक्रमातील मौर्य काळ शिकवून झाला आहे. सोपारा येथील अशोकाचा शिलालेख दाखवून त्यावर मराठीतून माहिती मिळावी, ही विनंती. पसंतीच्या तारखा तीन, वेळ सकाळची.’

‘माध्यम मराठी’ हे दोन शब्द विसरू नका, नाहीतर तयारी इंग्रजीतल्या फेरीची होते आणि मुलं माना डोलावत फिरतात. विषयही नेमका द्यावा. सोपाऱ्याचा तो शिलाखंड फोर्टच्या संग्रहालयात आहे. तो १८८२ साली सापडला आणि सोपारा २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. नवी मुंबई-उरणकडच्या शाळांसाठी भायखळ्याला घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तुटला आणि पुढे तुकडे जोडून उभा केला गेला. असा धागा पत्रात दिला की फेरी घेणाऱ्यालाही हुरूप येतो.

पत्रासोबत मुलांची यादी जोडायची ती नाव, इयत्ता, तुकडी एवढीच. आधार क्रमांक कोणी मागितलेला नसताना काही शाळा हौसेने सगळ्या मुलांच्या आधारच्या झेरॉक्स जोडतात. तसं करू नका. मुलांचं ओळखपत्र गळ्यात असलं की पुरे.

शिक्षण विभागाची परवानगी

माध्यमिक शाळांचा अर्ज ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, मग शाळा ठाणे शहरातली असो की नवी मुंबईतली. महापालिकेच्या प्राथमिक शाळांनी आपापल्या महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे अर्ज करावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते समुद्रकिनारी जाणाऱ्यांपुरते नव्हेत. संग्रहालय चार भिंतींच्या आत आहे म्हणून फाइलमधला एकही कागद कमी होत नाही.

फाइलमध्ये हे असावं: मुख्याध्यापकांचा अर्ज, शाळा व्यवस्थापनाची संमती, प्रत्येक पालकाचं सही केलेलं संमतीपत्र, विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची मोबाइल क्रमांकांसह यादी, निघण्या-परतण्याच्या वेळांचा तक्ता, वाहनाचा तपशील, प्रथमोपचाराची सोय केल्याचं लिहिलेलं हमीपत्र आणि संग्रहालयाने तारीख दिल्याचा ईमेल छापून. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण पाळायचं आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. सहल सक्तीची नाही, न येणाऱ्या मुलाचं काही नुकसान होणार नाही, हे पालकांच्या पत्रात स्पष्ट लिहा. वर्गणी न परवडणारं एखादं घर प्रत्येक वर्गात असतं.

अडतं ते बहुतेकदा संमतीपत्रांवर. चाळीसातली अडतीस येतात, दोन दप्तरात राहतात. म्हणून पत्रं मागवायची तारीख अर्जाच्या आठवडाभर आधीची ठेवा.

गाडी

एसटी महामंडळ शालेय सहलींना प्रासंगिक करारावर (म्हणजे अख्खी बस तेवढ्या फेरीपुरती भाड्याने घेतली तर) भाड्यात ५० टक्के सवलत देतं. अर्ज आगार व्यवस्थापकांकडे करायचा. ठाणेकरांना वंदना किंवा खोपट, बेलापूर-खारघरकडच्यांना पनवेल जवळ पडेल. शाळेचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि शिक्षण विभागाची परवानगी तिथेही लागते, तेव्हा परवानगीच्या चार प्रती आधीच काढा. किमान भाडं आणि अनामत किती हेही तेव्हाच विचारा. लोकलने जायचं तर ठाण्याहून भायखळा सरळ आहे. वाशी-नेरूळवाल्यांना मात्र कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, कारण हार्बर भायखळ्याला थांबत नाही. चाळीस मुलं घेऊन कुर्ल्याचा पूल ओलांडायचा असेल तर एसटीच बरी.

शाळा नसेल तर

गृहसंकुलातली मंडळी, ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयाचे सभासद यांना शिक्षण विभागाशी काही देणंघेणं नाही. संस्थेच्या अध्यक्ष किंवा सचिवाच्या सहीचं पत्र, अंदाजे संख्या आणि एका माणसाचा संपर्क पुरतो. ज्येष्ठांना किंवा विद्यार्थ्यांना सवलत असेल तिथे वयाचा किंवा शिक्षणाचा मूळ पुरावा जवळ ठेवा, फोनमधला फोटो प्रत्येक खिडकीवर चालतोच असं नाही. व्याख्यानं पुष्कळदा मोफत असतात, पण मोफत म्हणजे नोंदणीशिवाय असं नव्हे. नाव नोंदवल्यावर जाणं जमत नसेल तर कळवा, त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल.

संग्रहालयच शाळेत

शहापूर, मुरबाडकडच्या शाळांना मुंबईची फेरी महागात जाते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं संग्रहालय सुरू केलं आहे, ते शाळांमध्ये आणि गावांमध्ये जातं. विनंतीपत्र तिथल्या शिक्षण विभागालाच पाठवायचं. पत्रात पटसंख्या, जवळपासच्या इतर शाळांची नावं आणि मोठी बस मैदानापर्यंत येते का, हे लिहा. फाटक अरुंद असेल किंवा पावसाळ्यात मैदानात चिखल होत असेल तर तेही सांगून टाका.