जुन्या संगणकावर लिनक्स बसवणे

कंपनीने ज्याच्या विंडोजचा पाठिंबा काढून घेतला आहे, किंवा नवी विंडोज ज्याला झेपत नाही, अशा वैयक्तिक संगणकावर लिनक्स, एखादी बीएसडी किंवा युनिक्सच्या घराण्यातली दुसरी कार्यप्रणाली बसवून तो पुन्हा कामाला लावणे. बोलताना याला ‘लिनक्स टाकणे’ म्हणतात. आपल्याकडे अख्ख्या खोक्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची सवय आहे, म्हणून या नोंदीत आतल्या चिपसाठी प्रोसेसर हाच शब्द वापरला आहे.

‘जुना’ कशाला म्हणायचे ते दर दहा-बारा वर्षांनी बदलते. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा पाठिंबा संपला तेव्हा पेन्टियम ४ चे पीसी एका दिवसात जुने झाले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा संपला, तेव्हा धडधाकट आय५ लॅपटॉपही त्या रांगेत गेले, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ज्याला ही कामे करून सवय आहे तो मात्र सालावरून अंदाज बांधत नाही. तो विचारतो, ‘हा बूट कशावरून होतो?’ (म्हणजे चालू होताना प्रणाली कुठून उचलतो?) कारण प्रणाली बसवणे हे तुलनेने सोपे काम आहे. खरी झटापट त्याआधी, इन्स्टॉलर, म्हणजे प्रणाली बसवणारा प्रोग्राम, यंत्राच्या गळी उतरवताना होते.

पूर्वपीठिका

लिनक्सचा जन्मच साध्या घरगुती पीसीवर झाला. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ च्या सुरुवातीला हेलसिंकीत घेतलेल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकात ४ एमबी रॅम होती, आणि त्यावर त्याने आधी अँड्र्यू टॅनेनबॉम यांची मिनिक्स (१९८७) ही युनिक्ससारखी छोटी प्रणाली बसवली होती. त्या वेळी ४८६ चिप येऊन दोन वर्षे झाली होती, म्हणजे ते यंत्र तेव्हाही अगदी अव्वल नव्हते. विल्यम आणि लिन जॉलिट्झ यांची ३८६बीएसडी १९९२ मध्ये आली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी नेटबीएसडी व फ्रीबीएसडी फुटल्या. १९९३ च्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंगची स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉकने घोषित केलेली डेबियन, ही आजही चालू असलेली सर्वांत जुनी लिनक्स वितरणे, म्हणजे लिनक्स आणि सोबतचे प्रोग्राम एकत्र बांधलेले संच. भारतात अनेकांची पहिली गाठ पडली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडीमुळे. डायल-अपवर काही शे एमबी उतरवून घेणे तेव्हा परवडणारे नव्हते, त्यामुळे ती सीडी हातोहाती फिरत असे.

बूट करण्याचे मार्ग

सुरुवातीला एकच दार होते, फ्लॉपीचे. डॉसमध्ये ‘रॉराइट’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने दोन फ्लॉप्या तयार करायच्या: एक बूट, एक रूट. पहिलीवर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दुसरीवर चिमुकली फाइल-व्यवस्था. कर्नल रॅममध्ये चढला की दुसरी घालायची. मग स्लॅकवेअरचे संच एकामागून एक: ए म्हणजे मूळ प्रणाली, एन म्हणजे नेटवर्क, एक्स म्हणजे खिडक्या. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.१ आवृत्तीच्या १.४४ एमबीच्या ७३ फ्लॉप्या भरत. त्यांतली एक जरी खराब निघाली तरी पुन्हा डॉसमध्ये जाऊन ती नव्याने लिहावी लागे, आणि खराब फ्लॉपी सहसा पहिल्या पाचांत निघत नसे.

सीडीवरून बूट होण्यासाठीचे ‘एल टोरिटो’ हे मानक फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवले. त्याआधीच्या बायॉसला (यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामला) सीडी दिसतच नाही. शिवाय त्या काळचे कित्येक सीडी ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडलेले असत, त्यामुळे आपल्या ड्राइव्हचा ड्रायव्हर असलेली बूट फ्लॉपी शोधून घ्यावी लागे. यूएसबीची गोष्टही अशीच. २००० च्या आसपासच्या बायॉसमध्ये यूएसबीचा पर्याय एक तर नसतो किंवा नावापुरता असतो. अशा वेळी ‘प्लॉप’ हा बूट मॅनेजर फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून चढवतात. त्याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असल्याने बायॉसला न कळणारा पेन ड्राइव्ह त्याला कळतो. यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी, म्हणजे ७०० एमबी वाचायला बारा मिनिटे तरी हवीतच. पडदा तसाच दिसतो म्हणून पाचव्या मिनिटाला रीसेट दाबणारे पुष्कळ असतात.

आता नवे ‘जुने’ यंत्र आले आहे: २०१३-१४ चे बे-ट्रेल ॲटमवाले स्वस्त लॅपटॉप. प्रोसेसर ६४ बिटी, पण यूईएफआय (बायॉसची जागा घेतलेला प्रोग्राम) ३२ बिटी. नेहमीचा ६४ बिटी पेन ड्राइव्ह लावला तर यंत्र तो नसल्यासारखेच वागते. त्यावर ‘बूटआयए३२’ नावाची ३२ बिटी बूट फाइल असावी लागते. डेबियनने आठव्या आवृत्तीपासून अशा मिश्र यंत्रांची सोय केली.

सगळी दारे बंद असतील तर डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडायची, तिथे प्रणाली बसवायची आणि परत आणायची. विंडोज या स्थलांतराला बिचकते. लिनक्स कर्नल मात्र दर वेळी चालू होताना हार्डवेअर नव्याने ओळखतो, म्हणून ही युक्ती बहुधा चालते. मात्र इन्स्टॉलरमध्ये फक्त ‘या यंत्रापुरते’ ड्रायव्हर घेतले असतील तर जुन्या घरी परतल्यावर त्याला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

‘लिलो’ आणि १०२४ ची वेस

सर्वांत जास्त लोकांना रडवलेली अडचण डिस्कच्या मोजमापाची होती. बायॉस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगतो, आणि सिलिंडरच्या आकड्याला त्यात दहाच बिट आहेत, म्हणजे १०२४ पर्यंत मोजता येते. आयडीई (पीसीला डिस्क जोडण्याची तेव्हाची पद्धत) डिस्कची १६ हेडची मर्यादा आणि ६३ सेक्टर यांच्याशी गुणले की सुमारे ५२८ एमबी होतात. त्यापलीकडची डिस्क जुन्या बायॉसच्या लेखी अस्तित्वात नसते. पुढे २५५ हेड आहेत असे भासवून ही वेस ८.४ जीबीपर्यंत सरकवली गेली.

यातली गंमत अशी की लिनक्सला या वेशीचे काही वाटत नाही. एकदा चालू झाला की तो बायॉसला न विचारता डिस्कशी थेट बोलतो. अडते ते त्याआधीच्या काही सेकंदांत, जेव्हा कर्नल उचलून आणायचे काम बायॉसच्याच भरवशावर असते. कर्नलची फाइल वेशीबाहेर पडली असेल तर ती आणणार कोण? म्हणून डिस्कच्या अगदी सुरुवातीला दहा-वीस एमबीचे वेगळे बूट विभाजन ठेवण्याची पद्धत पडली. इतके सगळे कळेपर्यंत लोक चार-पाचदा डिस्क पुसून बसलेले असत.

तेव्हाचा बूट लोडर (कर्नल उचलून चालू करणारा प्रोग्राम) ‘लिलो’ आपल्या नावाची चार रोमन अक्षरे एकेक करून छापत असे आणि कुठे अडले ते त्यावरूनच कळे. फक्त ‘एल’ उमटून पुढे आकड्यांची रांग लागली तर डिस्क वाचता येत नाही. ‘एल-आय’ वर थांबला तर दुसरा टप्पा उचलला पण चालवता आला नाही: बहुधा डिस्कचे मोजमाप चुकले, नाहीतर फाइल हलली आणि लिलो पुन्हा चालवायचे राहिले. काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरे आणि बाकी शांतता, हे दृश्य त्या पिढीला चांगले आठवते. कर्नल डिस्कवर नेमका कुठल्या ठिकाणी आहे याची यादी लिलो जपून ठेवी, म्हणून कर्नल बदलला की लिलो चालवलाच पाहिजे. नंतरचा ‘ग्रब’ फाइल-व्यवस्था स्वतः वाचतो, त्यामुळे हा विसरभोळेपणा त्याला चालतो.

प्रोसेसर

लिनक्स कुठल्याही जुन्या यंत्रावर चालतो, हे अर्धसत्य आहे. खुद्द ३८६ चा पाठिंबा लिनक्स ३.८ मध्ये, २०१३ साली, काढला गेला. म्हणजे टोरवाल्ड्सच्या त्या पहिल्या यंत्रावर आजचा लिनक्स चालणार नाही. डेबियनने ३८६ ला २००५ मध्ये आणि मूळ पेन्टियमला २०१७ मध्ये निरोप दिला. २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. उबुंटूने ३२ बिटी डेस्कटॉप २०१७ मध्येच थांबवला. उरतात ती मुद्दाम हलकी ठेवलेली वितरणे: अँटीएक्स, पपी, किंवा ४६ एमबी रॅममध्येही उभे राहणारे टायनी कोअर. नेटबीएसडी अजून ४८६ सांभाळून आहे.

पहिल्या काही पेन्टियम एम लॅपटॉपची तऱ्हा वेगळीच. त्यांना पीएई ही मेमरीची सोय येते, पण येते असे ते सांगत नाहीत. इन्स्टॉलर विचारतो, प्रोसेसर गप्प राहतो, आणि काम तिथेच थांबते. कर्नलला ‘फोर्सपीएई’ हा पर्याय दिला की सुरळीत चालते.

ब्राउझरचा अडसर

प्रणाली बसली, वाय-फाय लागले, आणि ब्राउझर उघडताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच लिहून तो बंद पडला, हा पेन्टियम ३ किंवा ॲथलॉन एक्सपीवरचा नेहमीचा शेवट. या चिपांमध्ये एसएसई२ हा आज्ञांचा संच नाही. क्रोमला तो २०१४ पासून आणि फायरफॉक्सला २०१७ पासून लागतो. जिथे तो आहे तिथे रॅम आडवी येते. आयसडब्ल्यूएम किंवा जेडब्ल्यूएमसारखा खिडकी-व्यवस्थापक काही एमबींत भागवतो, पण एकच बातमीचे पान त्याच्या कितीतरी पट रॅम गिळते. म्हणून वितरण कुठले घ्यावे यावर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा रॅमची एक पट्टी आणि साटा (आयडीईनंतरची डिस्क-जोडणी) असेल तर एसएसडी घ्यावी. फरक तिथे दिसतो. जुन्या आयडीई यंत्रात कॅमेऱ्यातले कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरवर डिस्क म्हणून लागते, कारण ते मुळात आयडीईचीच भाषा बोलते.

आणखी एक फसवी अडचण बटणासारख्या सेलची. सीआर२०३२ हा सेल संपला की प्लग काढताच यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग पॅकेजची यादी ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारली जाते, प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ प्रमाणपत्रावर हरकत घेते, आणि माणूस नेटवर्कच्या वायरी तपासत बसतो.

मराठीची सोय

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही चालतो, पण फक्त चित्रमय रूपात. अक्षरी पडद्याला देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा मांडता येत नाहीत, म्हणून तिथे मराठीचा पर्यायच दिसत नाही. रॅम फार कमी असली तर इन्स्टॉलर काटकसरीच्या रूपात जातो आणि भाषांतरे गाळून निव्वळ इंग्रजी ठेवतो. थोडक्यात, ज्या यंत्रासाठी हा खटाटोप त्याच यंत्रावर मराठीची दारे आधी लागतात. प्रणाली बसल्यावर मात्र लोहित देवनागरी हा फॉन्ट आणि इन्स्क्रिप्टचा कळफलक एवढ्यावर लिहिणे-वाचणे भागते, आणि त्याला जागाही नगण्य लागते.

वापर

पेन्टियम ४ चा पीसी दिवसरात्र चालू ठेवला तर विजेच्या बिलात तो दिसतो. फाइल सर्व्हर म्हणून तो फुकटात पडला असे म्हणणाऱ्याने मीटर पाहावा. चार-पाच वॅटवर चालणारे बोर्ड आता तेच काम करतात. जुन्या यंत्राचा खरा हक्क आहे तो त्याच्या पाठीमागच्या पोर्टांवर. सिरियल पोर्टवर बोलणारी प्रयोगशाळेतली उपकरणे, इसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारी कार्डे, पॅरलल पोर्टचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांना नव्या पीसीत जागाच उरलेली नाही. यूएसबीवरून पॅरलल करून देणारी केबल मिळते, पण साध्या छपाईपलीकडचे काम तिच्यावर बहुधा अडते.